बदकासाठी फुल चोकच, हे सरसकट खरं नाही

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत बदकांच्या शिकारीवरचा लेख वाचला, त्यात लिहिलंय की बदक लांब असतं म्हणून फुल चोकच लावा (चोक म्हणजे छर्‍याच्या बंदुकीच्या नळीचं तोंड किती आवळलेलं आहे ते, आणि फुल म्हणजे खूप घट्ट). शिकारीला कायद्याने परवानगी आहे तिथे मी बरीच वर्षं परवाना काढून जातोय, म्हणून राहवलं नाही.

हा सल्ला शिशाच्या छर्‍यांच्या काळातला आहे. शिसं मऊ, नळीतून जाताना छर्रे चेपतात आणि चेपलेला छर्रा भरकटतो, म्हणून चोक घट्ट लागायचा. पण पाण्यात पडलेले शिशाचे छर्रे बदकं खड्यांसोबत गिळतात आणि विषबाधेने मरतात, म्हणून अमेरिकेत 1991 पासून पाणपक्ष्यांसाठी शिशावर बंदी आहे, युरोपियन युनियनमध्ये पाणथळ जागी 2023 पासून. आता स्टीलचे छर्रे वापरायचे, आणि स्टील चेपत नाही त्यामुळे पॅटर्न, म्हणजे छर्‍यांचा फैलाव, आपोआप घट्ट येतो, म्हणजे स्टीलला मॉडिफाइड (मध्यम आवळलेला चोक) लावला की जवळपास शिशाच्या फुलसारखाच पडतो. वर स्टीलचे जाड छर्रे फुलमधून मारले तर नळी फुगायची भीती, बर्‍याच बंदुकांच्या माहितीपुस्तकात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, ते लोक वाचतच नाहीत!

मी स्वतः कागद लावून बघितलं. 40 यार्डांवर मोठा कागद, जिथे छर्रे जास्त पडले तिथे 30 इंचाचं वर्तुळ आखलं आणि भोकं मोजली. 12 बोअर, 2 नंबर स्टील, सव्वा औंस म्हणजे काडतुसात साधारण 156 छर्रे. मॉडिफाइडने 112 आत आले आणि सगळीकडे सारखे. फुलने मधे नुसता गठ्ठा आणि कडेला इतक्या मोकळ्या जागा की अख्खं बदक त्यातून निसटेल, नाहीतर एखादाच छर्रा लागेल. असं एका छर्‍याचं बदक मी बघितलंय, लांब उडत गेलं आणि लव्हाळ्यात पडलं, अंधार पडेपर्यंत शोधलं तरी सापडलं नाही. अजून आठवतं ते.

डिकॉय (नकली बदकं) मांडून 20-30 यार्डांवर उतरणारी बदकं असतील तर इम्प्रूव्हड सिलिंडर, म्हणजे मॉडिफाइडहून सैल चोक, पुरतो, वरून जाणारी 35-40 वर असतील तर मॉडिफाइड. आणि स्टील हलकं असल्यामुळे छर्रा दोन नंबर मोठा घ्यायचा, शिशाचा 4 वापरत असाल तर स्टीलचा 2 (नंबर लहान तेवढा छर्रा मोठा). लांब चाललेल्या बदकाला फुल हा उपाय नाहीच, तिथे बंदूक खाली ठेवायची.

दोन सारख्या बंदुकासुद्धा सारखा पॅटर्न देत नाहीत म्हणून चोकवर कोरलेल्या नावावर जाऊ नका, काडतूस बदललं तरी परत कागद लावा. कृपया पुढच्या अंकात एवढी दुरुस्ती छापा, नवीन मुलं तो लेख वाचून जाड स्टील आणि फुल चोक घेऊन निघतील.

आपला,
एक जुना वाचक