कोलकात्याच्या बौबाजारात सोनं गाळणाऱ्या गलाईवाल्या दादांना

दादा,
स. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही विट्याच्या पावसावर जाता. दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा मीच तुम्हाला टेंभू योजनेचं पाणी कुठवर आलं ते सांगत बसले. म्हणून आता हे उघड पत्र. गावाकडचे वाचतील, तुम्ही लाजाल, त्याला इलाज नाही.

आपली ओळख म्हणावी तर नव्हतीच. माझ्या मावसभावाच्या साडूचे तुम्ही भावकीतले, एवढ्यावर नंबर मिळालेला. "अडलं तर लावा" म्हणून दिलेला. आम्ही कोलकात्यात उतरलो त्याच दिवशी दुपारी अडलो.

ह्यांच्या गळ्यात माळ. लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून लेकीनं आझाद हिंदची तिकिटं काढून दिली. काशी झाली, रामेश्वर झालं, या वेळी देव नको, जोडीनं नुसतं हिंडायला जा, खा, काहीतरी घ्या, म्हणाली. पुण्याहून दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस गाडीत काढून हावड्याला उतरलो. दुपारी एका खानावळीत साधी डाळ मागवली. वाटीत मुगाची डाळ आली, आणि डाळीतून रोहूचं डोकं आमच्याकडं बघत होतं. डोळ्यासकट.

शेजारच्या टेबलावरच्या भल्या माणसानं "निरामिष म्हणा" असं शिकवलं. आम्ही म्हटलं. तर वाढपी आनंदानं म्हणाला, "निरामिष मांगशो आछे!" म्हणजे काय, तर बिनकांद्या-लसणाचं मटण. देवीच्या प्रसादाला करतात तसं. हे माळ मुठीत धरून फुटपाथवर जाऊन उभे राहिले आणि मी तुम्हाला फोन लावला.

"आक्का, दाजी उभे आहेत तिथं समोर काय दिसतंय?" एवढंच विचारलंत. पाऊण तासात पिवळ्या टॅक्सीतून उतरलात. बोटांना ॲसिडचे डाग, शर्टाच्या खिशात मोबाईल आणि किल्ल्या. कोण, कुठले, किती दिवस, काही विचारलं नाहीत. आधी जेवायला घेऊन गेलात.

त्या जेवणाचं मला अजून सांगावंसं वाटतं. सुरुवातच कडवट: कारलं, कच्चं केळं, शेवगा, वांगं घातलेली शुक्तो. तोंड कडू करून मग जेवायला बसायचं, ही रीत ह्यांना फार आवडली. मग केळफुलाची भाजी, खसखशीतला बटाटा. मग वाढप्यानं नाव घेतलं, "धोकार डालना", आणि हे दचकले. आता आणि कसला धोका! तुम्ही हसू आवरत म्हणालात, "दाजी, आपली पाटवडीच समजा." खरंच की. हरभऱ्याची डाळ वाटून, शिजवून, चौकोनी वड्या पाडून तळायच्या आणि रश्शात सोडायच्या. आमच्या सासूबाईंनी कांदा-लसणाशिवाय आणि चिमूटभर साखर घालून पाटवडी रस्सा केला असता तर असाच झाला असता. ह्यांनी दोनदा भात घेतला.

आणि माझं? मी माळकरी नाही, आणि आमच्याकडं मासा म्हणजे येरळा नदीला पाणी असेल तेव्हाच. तुम्ही माझ्याकडं न बघता वाढप्याला हळूच काहीतरी सांगितलंत. केळीच्या पानाची पुडी आली. दोरा सोडला तर आत मोहरीत माखलेली भेटकी, वाफेसरशी नाकात झिणझिण्या. हे भिंतीकडं तोंड करून बसले आणि तुम्ही आमच्या दोघांच्या मध्ये खुर्ची ओढून बसलात, पडद्यासारखे. पस्तीस वर्षांत आमच्या दोघांच्या मध्ये कुणी बसलं आणि मला त्याचा आनंद झाला, असं हे एकदाच.

आता साडीचं. हे लिहू नका असं ह्यांचं मत आहे, पण लिहिणार.

त्याच संध्याकाळी, तुम्ही दुकान बंद करायला गेल्यावर, हॉटेलजवळच्या गल्लीत एका दुकानात मी जामदानी घेतली. ३५०० रुपये. "ओरिजिनल हँडलूम" असं तीनदा सांगितलं गेलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या तोऱ्यात तुम्हाला दाखवली. तुम्ही घडी मोडलीत, पदर उलटा केलात आणि मागच्या बाजूवरून अंगठा फिरवलात. जसा तुम्ही सोन्याच्या तुकड्यावरून फिरवत असाल तसाच. काही बोलला नाहीत. माझाच हात धरून त्या जागेवर ठेवलात. बुट्ट्यांच्या मागं सगळीकडं बारीक बारीक कुसळं. मग सांगितलंत: हातमागावर बुट्टीचा धागा विणकर हातानं भरतो, बुट्टी संपली की धागाही तिथंच वळतो, म्हणून उलट बाजू जवळपास सुलटीसारखीच दिसते. मशीनवर तोच धागा मागून या बुट्टीपासून त्या बुट्टीपर्यंत पळत जातो, नंतर तो कातरतात. ती ही कुसळं.

खरं म्हणजे मला हे कळायला हवं होतं. पैठणी घेताना पदर उलटा करून बघणारी बाई मी. परगावी गेले आणि अक्कल घरी कुलपात ठेवली, दुसरं काय.

"पावती आहे?" विचारलंत. नव्हती. तरी आलात माझ्याबरोबर. दुकानात तासभर तुम्ही बंगालीत बोलत होता, आवाज एकदाही चढला नाही, तीन वेळा चहा झाला. (तिथं चहा "खातात", पाणीसुद्धा "खातात". ह्यांना त्याची फार गंमत वाटली.) पैसे काही मिळाले नाहीत. साडी ठेवून घेऊन त्यांनी चार चादरी दिल्या. चादरी चांगल्या निघाल्या, हे कबूल करते.

रविवारची तुमची एकच सुट्टी. ती आम्हाला गरियाहाटात घातलीत. तुमच्या ओळखीच्या दुकानदारानं पांढऱ्या गादीवर एकेक ताँत, म्हणजे हातमागाची सुती साडी, उलगडली आणि कुठली शांतिपूरची, कुठली धनियाखालीची, कुठली फुलियाची ते सांगितलं. फुलियाचे विणकर फाळणीनंतर टांगाइलहून आलेले, हे तेव्हा कळलं. गाव सुटलं, पण हातातलं विणणं सुटलं नाही. तुम्ही ते मान खाली घालून ऐकत होता. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळानं तुमच्या आजोबांना मूस आणि भट्टी घेऊन कुठल्या कुठं आणून सोडलं, ते तुम्ही मला आदल्या दिवशी सांगितलेलं. आणि बंगालचे कारागीर आपल्या मुंबईत, झवेरी बाजारात दागिने घडवत बसलेले. कुणी कुठं जायचं, हे कोण ठरवतं कुणास ठाऊक.

मी भाव करायला लागले तर दुकानदार हसून म्हणाला, "बर्गी एशेछे!" तुम्ही अर्थ सांगायला कां-कूं करत होता. म्हणजे आपणच. पावणेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी नागपूरकर भोसल्यांची फौज बंगालात घुसली, १७४२ साली कलकत्तेकरांनी भीतीनं शहराभोवती मराठा खंदक खणायला घेतला, आणि अजून तिथल्या अंगाईत बाळाला बर्गी आल्याचं सांगतात. मला आधी वाईट वाटलं. मग दोनशे रुपये कमी झाले. फुलियाची जामदानी घेतली, फिकट जांभळी, उलटीही तेवढीच देखणी.

बाकी किती तरी राहिलं. हुगळीच्या पाण्याखालून जाणारी मेट्रो, जिचं ह्यांना भलतंच कौतुक. कॉलेज स्ट्रीटजवळ पॅरामाउंटमध्ये शहाळ्याच्या मलईचं सरबत, माळकऱ्यानं दोन पेले रिचवले. पुचक्याला, म्हणजे तिथल्या पाणीपुरीला, गोड पाणी नसतं यावर मी वाद घातला तो, आणि शेवटी फुकटची पुरी मागायची, तिला "फाउ" म्हणतात, ते.

पण गुळाचं सांगायलाच हवं. जानेवारी, म्हणजे नोलेन गुडाचे दिवस. खजुरीच्या झाडाला रात्री मडकं बांधायचं, पहाटे रस उतरवून आटवायचा. तुम्ही तीन दुकानांत पाटालीची ढेप उचललीत, नखानं ओरखडलीत, वास घेतलात आणि परत ठेवलीत. साखर घातलेली ढेप दगडासारखी घट्ट लागते, म्हणालात. चौथ्या दुकानात नख रुतलं. मिठाईच्या दुकानात तर तुम्ही आधी आमच्या गाडीचा हिशेब घातलात: दोन रात्री, एक दिवस, मग कराडपर्यंत एसटी. म्हणून गावाला न्यायला फक्त कडापाक, म्हणजे घट्ट आटवलेला संदेश. नरमपाक, म्हणजे मऊ, तो तिथंच उभ्यानं खायचा. आत पातळ गूळ भरलेला जलभरा संदेश अख्खा तोंडात टाका, असं बजावलंत. मी शहाणी, अर्धा तोडला. आतला पातळ गूळ हनुवटीवरून थेट पदरावर. तो डाग अजून गेलेला नाही, आणि मी फार प्रयत्नही केलेला नाही.

निघायच्या दिवशी तुमच्या दुकानात आलो. दहा बाय आठची खोली, भट्टी, मुशी, धुरकट पंखा. कोपऱ्यात पोतं होतं. हे विचारायला गेले तर म्हणालात, केर आहे. इथला केर टाकत नाहीत, वर्षाचा साठवून जाळून गाळतात, त्यातून कणभर निघतंच. वरच्या खोलीत वहिनींनी आमच्यासाठी भाकरी थापली होती. तुम्ही ताटावर बसलात, पहिला तुकडा मोडलात आणि विचारलंत, "आक्का, औंदा शाळू कसा आहे?"

तर शाळू बरा आला. खालच्या आळीतला पोरगा पुढच्या आठवड्यात तुमच्याकडंच काम शिकायला निघालाय. त्याच्याबरोबर पाच किलो पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा-लसूण मसाला देतेय. मसाल्याचा डबा स्टीलचा आहे, झाकणावर ह्यांचं नाव कोरलंय. तो तुम्ही रिकामा पाठवणार नाही, हे मला ठाऊक आहे. फक्त कडापाकच भरा. नरमपाक पोचत नाही.

तुमची,
विट्याची आक्का