माजी सिनेटर रेचल सीवर्ट यांना पर्थहून एक आभारपत्र

माननीय रेचल सीवर्ट यांस,
सादर नमस्कार.

हे पत्र मी मराठीत लिहीत आहे आणि ते आपल्याला वाचता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही आधी ते मराठीतच लिहिले, कारण ज्या गोष्टींसाठी आपले आभार मानायचे आहेत, त्या आमच्या घरांत फारशा बोलल्या जात नाहीत. नोकरी गेली हे गावी कळवायचे नाही आणि सरकारी भत्ता घेतला हे तर इथल्या मित्रांनाही सांगायचे नाही, अशी आमची रीत. जुलै २००५ ते सप्टेंबर २०२१ अशी सोळा वर्षे आपण सिनेटमध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधी होता आणि लोक जे झाकून ठेवतात, नेमके त्याच विषयावर आपण त्यातला मोठा काळ बोलत राहिलात.

मी २०१४ मध्ये कायम वास्तव्याचा परवाना घेऊन सहकुटुंब पर्थला आलो. लोहखनिजाचे भाव तेव्हा उतरणीला लागले होते. पुढच्याच वर्षी माझे काम गेले. नव्याने आलेल्या रहिवाशाला बेकारभत्त्यासाठी १०४ आठवडे थांबावे लागे, त्यामुळे आमचे घर सात महिने पत्नीच्या अर्धवेळ कामावर आणि साताऱ्याहून आणलेल्या शिलकीवर चालले. नियम नियमच होता, त्याबद्दल तक्रार नाही. त्या दिवसांत घरात बसून मी सिनेटच्या कामकाजाचा वृत्तान्त वाचू लागलो. तीस वर्षांखालील बेकारांना भत्त्यासाठी सहा महिने थांबवावे, असा प्रस्ताव २०१४ च्या अर्थसंकल्पात होता आणि तो सिनेटमधून पुढे सरकत नव्हता. मी त्या वयोगटात नव्हतो. पण सहा महिने मिळकतीशिवाय म्हणजे काय, हे मी तेव्हा रोज मोजत होतो, आणि त्याला विरोध करणाऱ्यांत आपले नाव मी तिथेच पहिल्यांदा वाचले.

हे पत्र वाचणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक खुलासा करतो. सिनेट हे इथले वरिष्ठ सभागृह. त्यात ७६ सदस्य असतात, सहा राज्यांचे प्रत्येकी बारा आणि दोन केंद्रीय प्रदेशांचे प्रत्येकी दोन, आणि ते थेट लोकांच्या मतांनी निवडून येतात. आपला ग्रीन्स पक्ष ना सरकारात होता, ना अधिकृत विरोधी पक्ष होता. पण गरिबांच्या भत्त्यांवर दोन मोठे पक्ष एकत्र आले की विरोधाचे काम या मधल्या बाकांवरच येऊन पडे. ९ ऑक्टोबर २०१२ या दिवसाचे उदाहरण मला विसरता येत नाही. पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांचे स्त्रीद्वेषाविरुद्धचे भाषण त्या दिवशी कनिष्ठ सभागृहात झाले आणि जगभर गाजले. त्याच दिवशी सिनेटमध्ये, दोन्ही मोठ्या पक्षांच्या मतांनी, एकट्याने मुले वाढवणाऱ्या ऐंशी हजारांहून अधिक पालकांना, म्हणजे बहुतांशी आयांना, धाकटे मूल आठ वर्षांचे झाले की कमी रकमेच्या बेकारभत्त्यावर ढकलणारे विधेयक संमत झाले. भाषण लोकांच्या लक्षात राहिले. विधेयकाची झळ मात्र १ जानेवारी २०१३ पासून त्या आयांनी सोसली. आपण त्या विधेयकाच्या विरोधात होता. आठची मर्यादा चौदावर यायला २०२३ चा सप्टेंबर उजाडावा लागला.

बेकारभत्त्याची, म्हणजे तेव्हाच्या ‘न्यूस्टार्ट’ची रक्कम महागाई वगळता १९९४ पासून वाढलेलीच नव्हती. २०१२ मध्ये ती दिवसाला सुमारे ३५ डॉलर पडत असे. त्याच वर्षी आपण स्वतः एक आठवडा त्या रकमेत राहून पाहिलेत. असे प्रयोग मला एरवी पटत नाहीत, कारण आठवडा संपला की पगार परत सुरू होतो आणि ज्याचा पगारच नाही त्याचा आठवडा काही संपत नाही. पण त्यानंतरची वर्षे पाहिल्यावर माझे मत बदलले. २०१८ मध्ये भत्ता आठवड्याला ७५ डॉलरने वाढवण्याचे विधेयक आपण आणलेत, आणि २०१९ मध्ये सुरू झालेल्या भत्त्याच्या पुरेपणाच्या चौकशीत आपण समितीच्या अध्यक्ष होता. उद्योगपतींच्या राष्ट्रीय संघटनेनेही २०१२ मध्येच सांगितले होते की भत्ता इतका कमी आहे की तो काम शोधण्याच्याच आड येत असावा. मुलाखतीला जायला बसचे तिकीट लागते आणि इस्त्रीचा शर्ट लागतो, हे कळायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही.

इथे मला माझ्या राज्याची रोजगार हमी आठवते. तिची कल्पना मांडणारे वि. स. पागे हे विधान परिषदेचे, म्हणजे आमच्याही वरिष्ठ सभागृहाचे, सभापती होते. १९७७ चा तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देणे हे शासनाचे बंधन आणि ते देता आले नाही तर भत्ता, असा त्याचा गाभा होता. अंमलबजावणीतले घोटाळे माझ्या वडिलांच्या पिढीने पुरेपूर पाहिले. पण कायद्याने काम शोधणाऱ्याकडे संशयाने पाहिले नव्हते. ऑस्ट्रेलियात आल्यावर मला खुपले ते हेच, की इथे रक्कम मोठी असली तरी ती घेणारा आधीच संशयित धरलेला असतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्याच कुनुनुरा आणि विंडहॅम इथे २०१६ पासून भत्त्याचे ८० टक्के पैसे एका कार्डात अडकवले गेले, रोख काढायची सोय नाही आणि त्याचा भार मुख्यतः आदिवासी कुटुंबांवर. आपण त्याला सातत्याने विरोध केलात. ते कार्ड २०२२ मध्ये रद्द झाले, तोवर आपण सिनेट सोडलेली होती.

आता रोबोडेटविषयी, म्हणजे भत्ता घेतलेल्यांवर यंत्राने काढलेल्या थकबाकीच्या वसुलीविषयी, कारण माझे सर्वात मोठे ऋण तिथे आहे. मला स्वतःला वसुलीचे ते पत्र आले नाही. पण हिशेब हा माझा व्यवसाय आहे, आणि २०१७ च्या सुरुवातीला ती पद्धत समजून घेतली तेव्हा माझा माझ्याच वाचण्यावर विश्वास बसेना. करखात्याकडे माणसाचे वर्षाचे उत्पन्न असते. भत्ता मात्र पंधरवड्याच्या उत्पन्नावर ठरतो. समजा, एखाद्याने पहिले सहा महिने काम करून २६,००० डॉलर मिळवले आणि पुढचे सहा महिने बेकार राहून नियमाप्रमाणे भत्ता घेतला. यंत्रणा २६,००० ला वर्षातल्या २६ पंधरवड्यांनी भागी, दर पंधरवड्याला १,००० डॉलर असे उत्तर काढी, आणि बेकारीच्या काळातही तुम्ही कमावत होता, तेव्हा भत्ता परत करा, असे कळवी. हे खोटे आहे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पत्र मिळालेल्यावर, आणि त्यासाठी कित्येक वर्षांपूर्वीच्या पगारपावत्या हुडकायच्या. आमच्याकडे थकबाकीची नोटीस दारात येणे म्हणजे अब्रूचा पंचनामा. मराठी माणूस अशा वेळी भांडत नाही. दागिना मोडून, भावाकडून उसने घेऊन गुपचूप पैसे भरतो आणि विषय मिटवतो.

आपण तो विषय मिटू दिला नाहीत. आपल्या अध्यक्षतेखालील समितीने २०१७ मध्ये लोकांच्या साक्षी घेतल्या आणि जूनमध्ये अहवाल देऊन ही वसुली थांबवण्याची शिफारस केली. सरकारने ती मानली नाही. २०१९ मध्ये दुसरी चौकशी सुरू झाली, आणि या वसुलीला कायद्याचा आधार काय, हा प्रश्न समिती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. कायदेशीर सल्ला दाखवायला मंत्री नकार देत राहिले. नोव्हेंबर २०१९ मध्ये एका दाव्यात सरकारने फेडरल न्यायालयापुढे चूक मान्य केली, मे २०२० मध्ये सुमारे ४,७०,००० मागण्यांचे ७२.१ कोटी डॉलर परत देण्याची घोषणा झाली, आणि जुलै २०२३ मध्ये कॅथरीन होम्स यांच्या शाही आयोगाने ही योजना न्याय्यही नव्हती आणि कायदेशीरही नव्हती, असे लिहून ठेवले. या योजनेच्या धसक्याने काही तरुणांनी जीव दिला. त्यांच्या आयांनी ते जाहीरपणे सांगितले. समितीचा पहिला अहवाल आणि आयोगाचा अहवाल यांत सहा वर्षांचे अंतर आहे. पहिल्याच अहवालाला कोणी कान दिला असता तर, हा विचार मला अजून सोडत नाही.

आणखी एका मतदानासाठी आभार मानायचे आहेत. नोव्हेंबर २०१८ मध्ये नव्या स्थलांतरितांना बेकारभत्त्यासाठी दोनऐवजी चार वर्षे थांबवणारा कायदा दोन्ही मोठ्या पक्षांच्या तडजोडीने झाला आणि १ जानेवारी २०१९ पासून लागू झाला. आपण आणि आपल्या पक्षाने विरोध केला. ज्यांच्यासाठी केला त्यांच्यापैकी बहुतेकांना मताचा अधिकार नव्हता, काही तर तेव्हा पुण्यात किंवा नागपुरात व्हिसाच्या कागदांची जुळवाजुळव करत बसले असतील. त्यातून आपल्याला एकही मत मिळणार नव्हते. साथीच्या काळात, एप्रिल २०२० पासून, सरकारने भत्त्यावर पंधरवड्याला ५५० डॉलर वाढवून दिले, म्हणजे रक्कम जवळपास दुप्पट झाली, तेव्हा इतकी वर्षे अशक्य म्हणून सांगितलेली गोष्ट महिन्याभरात शक्य कशी झाली, याचे नवल वाटले. मार्च २०२१ अखेर ती वाढ गेली आणि कायमची वाढ उरली पंधरवड्याला ५० डॉलर. आपण मागितली होती त्याच्या तिसरा हिस्सा.

प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. २०१९ च्या निवडणुकीत सिनेटच्या त्या भल्या मोठ्या मतपत्रिकेवर मी आपल्या पक्षाला पहिली पसंती दिली नाही, तिसरी दिली. आपण सिनेटमध्ये येण्याआधी बरीच वर्षे पर्यावरणाच्या चळवळीत होता, आणि माझे घर आजही पिलबारातल्या लोखंडाच्या खाणीवर चालते. खाणी आणि वायू यांविषयी आपल्या पक्षाचे म्हणणे मला पटत नाही आणि ते पटेल असेही वाटत नाही. पण २०१५ मध्ये त्याच खाणींनी मला घरी बसवले, तेव्हा माझ्यासारख्यांविषयी सभागृहात बोलणारी माणसे कोणत्या बाकांवर होती, हेही मी पाहिले आहे.

या पत्राचा इंग्रजी मजकूर आपल्याला वेगळा पाठवत आहे. त्यात खाणींविषयीचा परिच्छेद गाळावा, असे पत्नीचे म्हणणे होते. मी तो ठेवला आहे.

आपला कृतज्ञ,
पर्थमधील एक मराठी मतदार