गिरणीत गरम झालेलं सोयाबीन शिजलेलं नसतं

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदया,

स. न. वि. वि.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात पिठाची गिरणी चालवतो. शिक्षण बी.एस्सी., रसायनशास्त्र. नोकरीचं जमलं नाही, वडिलांची गिरणी होती ती हातात घेतली, त्याला २२ वर्षं झाली. गावात कोणाच्या घरी काय शिजतं हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नसावं, कारण डबा आधी माझ्याकडे येतो.

या डब्यांत गेल्या काही वर्षांत सोयाबीन दिसायला लागलंय. बाई गव्हाचा डबा पुढे करते, वर कागदात बांधलेलं पाव-अर्धा किलो सोयाबीन. "भाऊ, डॉक्टरनी सांगेल शे, गहूमा टाकीसन दळी द्या." कोणाला अंगणवाडीतल्या बैठकीत ऐकायला मिळालं, कोणाला दवाखान्यात. प्रथिनं भरपूर, मुलाचं वजन वाढेल, बाळंतिणीला ताकद येईल. सांगणाऱ्याचं चुकलेलं नाही. अर्धंच सांगितलं जातं, एवढीच माझी तक्रार आहे, आणि उरलेलं अर्धं तुमच्या विभागाने सांगावं म्हणून हे पत्र.

सोयाबीन कच्चं दळून खायचं नसतं. हे मला पुस्तकातून कळायला हवं होतं, कळलं पोटातून. सुरुवातीच्या उत्साहात मी घरच्या ५ किलो गव्हात २ किलो कच्चं सोयाबीन घातलं. दाण्यात तेल पाचवा हिस्सा, त्यामुळे दगड चिकट झाला, पीठ गोळे होऊन पडायला लागलं, गिरणीभर हिरव्या शेंगेसारखा कच्चट वास. मागून २ किलो ज्वारी सोडून दगड साफ करावा लागला. तरी पोळ्या केल्या. तिसऱ्या दिवशी घरातल्या पाचही जणांची पोटं नगाऱ्यासारखी. बायको म्हणाली, "हाई पीठ ढोरेस्ले घाली द्या." म्हशीला थोडं थोडं घातलं, तिला ते मानवलं.

तेव्हा जुनी पुस्तकं काढली. प्रथिनं पचवायला आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचं पाचक द्रव्य काम करतं. कच्च्या सोयाबीनमध्ये त्याच ट्रिप्सिनला अडवून धरणारा घटक असतो. म्हणजे ज्या प्रथिनांसाठी खायचं, तीच नीट अंगी लागत नाहीत. शिवाय रॅफिनोज आणि स्टॅकिओज या दोन शर्करा आपल्याला पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जंतू त्यांच्यावर ताव मारतात आणि वायू धरतो. पहिल्यावर उपाय उष्णतेचा: निवडलेलं सोयाबीन उकळत्या पाण्यात टाकून २० ते २५ मिनिटं उकळायचं, पाणी फेकायचं, उन्हात खडखडीत वाळवायचं, मग दळायला आणायचं. आधी रात्रभर भिजवलं आणि तेही पाणी फेकलं तर वायूचा त्रासही कमी होतो.

यात एक गैरसमज गिरणीतच तयार होतो. गिरणीतून पीठ गरम बाहेर पडतं. बायका डब्याला हात लावून म्हणतात, भाजल्यासारखंच झालं की! ती दगडाच्या घर्षणाची धग असते, क्षणभराची. तव्यावर पोळीही मिनिटभरच राहते. तेवढ्याने तो ट्रिप्सिनला अडवणारा घटक पुरता मरत नाही. मोठ्या माणसाचं पोट बिघडून सुधारतं. दीड वर्षाच्या, आधीच वजनाने कमी असलेल्या पोराला चार दिवसांची हगवण काय करते, हे नंदुरबारची कुपोषणाची आकडेवारी रोज पाहणाऱ्या तुमच्या विभागाला मी सांगायला नको.

आता सोयाबीनची बाजूही मांडतो, नाहीतर वाचणारे उद्या डब्यातलं सोयाबीन उकिरड्यावर टाकतील. १०० ग्रॅम सोयाबीनमध्ये ३६ ते ४० ग्रॅम प्रथिनं असतात. तूर, उडीद, हरभरा यांत २० ते २५. डाळींमध्ये याच्या जवळपास जाणारं काही नाही. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे किलोला ५३ रुपये आणि काही पैसे. (बाजारात शेतकऱ्याला तेवढे मिळतात का, हा प्रश्न दुसऱ्या मंत्र्यांसाठी राखून ठेवतो.) तूरडाळीच्या भावाशेजारी हा आकडा ठेवला की मजुरीवर जगणाऱ्या घरासाठी हा दाणा काय आहे ते कळतं.

आणि मिसळून दळण्याची अक्कल खानदेशात कोणी बाहेरून आणलेली नाही. कळण्याची भाकरी म्हणजे तेच. चार किलो ज्वारीला किलोभर सालीचा उडीद, चवीला मीठ, एकत्र दळायचं. प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी लायसिन हे ज्वारीच्या प्रथिनांत तोकडं, उडदात भरपूर. मेथिओनिन हे दुसरं उडदात कमी, ते ज्वारी भरून काढते. आमच्या आज्यांना ही नावं माहीत नव्हती. ठेचा आणि तेलाबरोबर कळण्याची भाकर खाऊन माणूस दिवसभर निंदणी करतो, एवढं माहीत होतं. सोयाबीनही हेच काम करतं, मात्र प्रमाण कमी हवं. ९ किलो गव्हाला १ किलो, उकळून वाळवलेलं. माझा हिशेब असा: गव्हात किलोला साधारण ११० ग्रॅम प्रथिनं, या मिश्रणात ती १३५ च्या पुढे जातात, आणि चवीत फरक कळत नाही. पूर्वी उडीद-मूग घरचाच असायचा. आता रानात कपाशी आणि मका, म्हणून कळण्याचे डबेही घटले. उडीद परवडत असेल त्याने कळणाच खावा, हे माझं प्रामाणिक मत.

सोयाबीनच्या वडीचं थोडं वेगळं. ती तेल काढलेल्या पिठाची, कारखान्यात दाबाखाली उष्णता देऊन केलेली, त्यामुळे कच्चेपणाची भीती नाही. पाकिटावर १०० ग्रॅमला ५२ ग्रॅम प्रथिनं लिहिलेली असतात आणि लोक त्यावर भाळतात. तो आकडा कोरड्या वडीचा असतो. भिजून फुगल्यावर ताट भरलेलं दिसतं, पण पोराच्या ताटात कोरडी वडी १० ग्रॅमच गेली असेल तर प्रथिनं ५ ग्रॅम. प्राथमिक शाळेच्या आहाराचं प्रमाण १२ ग्रॅमचं आहे. सोयाबीन पुलावाच्या दिवशी वरण पातळ केलं तर चालतं, असं स्वयंपाकघरात कोणी धरून चालू नये.

तेलाचाही घोळ आहेच. "आम्ही सोयाबीन खातो ना," म्हणणाऱ्या घरात चौकशी केली तर सोयाबीनचं रिफाइंड तेल निघतं. आमचं अमळनेर तेलातुपाचं गाव, विप्रोची सुरुवात १९४५ साली इथल्याच वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाली; तरी तेलात प्रथिन नसतं हे इथेही सांगावं लागतं. प्रथिनं राहतात पेंडीत, आणि पेंड जाते कोंबड्यांना.

आता ज्या गोष्टी बायकांना कोणीच सांगत नाही त्या. सोयाबीनमध्ये लोह चांगलं असतं, पण फायटिक आम्लही असतं आणि ते लोह व जस्त धरून ठेवतं. आशाताई गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या देते, अंगणवाडीत पौष्टिक पीठ मिळतं, आणि बाई दोन्ही एकदमच घेते, वर चहा. गोळी जेवणापासून दोन तास लांब ठेवा, जेवताना लिंबू पिळा, एवढं सांगितलं तरी गोळीचं काहीतरी चीज होईल. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी ती सकाळी उपाशीपोटी घ्यावी आणि सोयाबीन निदान चार तासांनी खावं, कारण त्याने गोळी नीट शोषली जात नाही. सोयाबीन सोडायची गरज नसते, फक्त डॉक्टरांच्या कानावर घालावं. काहींना सोयाबीनची अॅलर्जी असते; बाळाला पहिल्यांदा देताना चमचाभरच. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी घरचं सोयाबीनचं दूध पाजायचं नाही.

गिरणीच्या ओट्यावर बसणारी पोरं एक प्रश्न हळूच विचारतात: सोयाबीनने मर्दानगी जाते का? त्यातली आयसोफ्लेव्होन्स ही इस्ट्रोजेन या बायकांच्या संप्रेरकासारखी दिसणारी द्रव्यं आहेत, अफवा तिथून आली. पुरुषांवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, नेहमीच्या खाण्याने टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घटलेलं आढळलं नाही. उलट्या बाजूचा गाजावाजाही जपूनच घ्यावा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ साली सोयाबीनचं प्रथिन हृदयाला हितकारक असा दावा पाकिटावर छापू दिला आणि २०१७ साली, पुरावा एकसारखा नाही म्हणून, तो मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला.

सोयाबीनमध्ये बी-१२ जीवनसत्त्व नसतं, अंड्यात असतं. शाळेतल्या अंड्यासाठीचा निधी राज्याने २०२५ च्या जानेवारीत थांबवला. ते खातं तुमचं नाही, ठाऊक आहे. पण आदिवासी भागातल्या अमृत आहार योजनेतल्या अंड्याकडे कोणी काटकसरीच्या नजरेने पाहायला लागलं आणि "सोयाबीन देऊ" म्हणालं, तर त्याला हे वाक्य दाखवा.

माझं मागणं फार खर्चाचं नाही. अंगणवाडीच्या बैठकीत "सोयाबीन खा" म्हणणाऱ्या ताईने एकदा चुलीवर पातेलं ठेवून ते उकळून दाखवावं, घड्याळ लावून. पाकिटांवर कृती छापाल ती अहिराणी, भिल्ली, पावरीतही असू द्या. नंदुरबारमधल्या धडगावच्या आईला उकळून काढण्यासाठी पुस्तकी मराठीत लिहिलेलं 'ब्लांचिंग' काय कळणार? इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने एनआरसी १२७ ही जात काढली आहे, तिच्यात ट्रिप्सिनला अडवणारा कुनिट्झ हा मुख्य घटकच नाही. अशा खाण्याच्या जातींचं बियाणं आमच्या खानदेशातल्या तीन जिल्ह्यांतल्या बचत गटांपर्यंत येईल का, हे कृषी खात्याला विचारा. आणि गिरणीवाल्यांसाठी एक ओळीची सूचना काढा.

तशी पाटी मी स्वतःच लावली आहे: "सोयाबीन उकळून, वाळवून आणले तरच दळून मिळेल." गेल्या आठवड्यात त्यावरून दोन गिऱ्हाइकं पलीकडच्या गल्लीतल्या गिरणीत गेली. तिथे काही विचारत नाहीत.

आपला,
एक गिरणीवाला
ता. अमळनेर, जि. जळगाव