नमुना बिघडला, बोल मात्र प्रयोगशाळेला

माननीय संपादक,
स. न.

कालच्या अंकातला ‘प्रयोगशाळेचा भोंगळ कारभार’ हा मथळा वाचून संताप आला. रुग्णाला आजार होता, अहवाल निगेटिव्ह आला, म्हणजे प्रयोगशाळा चुकली, एवढ्यावर बातमी आटोपली आहे. तो स्वॅब आजाराच्या कितव्या दिवशी घेतला, कशात घातला, वाटेत कुठे आणि किती वेळ पडून राहिला, यातले काहीच आपल्या वार्ताहराने विचारलेले नाही. मी विषाणू तपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. नळी आमच्या टेबलावर येण्याआधीच पुष्कळदा निकाल बिघडून गेलेला असतो.

एका रुग्णालयातून आलेला डबा मी विसरू शकत नाही. आइस पॅक कोमट झालेले, नळी आडवी, झाकण अर्धवट फिरवलेले. नळीतला व्हीटीएम, म्हणजे वाटेत विषाणू टिकवून धरणारा गुलाबी द्रव, पिवळा पडला होता, म्हणजे आत जिवाणू वाढले होते. तोच द्रव झिरपून नळीभोवती गुंडाळलेला फॉर्म भिजला होता आणि रुग्णाचे नाव वाचता येत नव्हते. स्वॅब लाकडी काडीचा! लाकडातल्या घटकांमुळे पीसीआरला, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीला, अडथळा येतो, म्हणून प्लास्टिकच्या काडीचा, नायलॉन किंवा पॉलिस्टरचा स्वॅब वापरा असे आम्ही सांगून थकलो. नळी गळली तरी बाहेर काही येऊ नये म्हणून तिच्याभोवती शोषून घेणारा कागद, मग न गळणारा दुसरा डबा आणि त्यावर टणक खोके, असे तीन थर लागतात. फॉर्म दुसऱ्या डब्याच्या बाहेर ठेवायचा असतो. यातले तिथे काहीच नव्हते.

आम्ही ‘नमुना अयोग्य, नवा पाठवा’ असे कळवले. नवा आला तोवर आजाराला आठवडा उलटून गेला होता. फ्लूसारख्या आजारात नाका-घशात विषाणू सर्वांत जास्त सापडतो तो पहिल्या तीन-चार दिवसांत. अहवाल निगेटिव्ह आला आणि नातेवाइकांनी फोनवर आम्हालाच धारेवर धरले. मला त्यांचा राग आला नाही. खरे काय घडले ते त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

आणखी एक समजूत जाता जात नाही : गोठवले की नमुना टिकतो. श्वसनमार्गाचा नमुना २ ते ८ अंश सेल्सिअसला ७२ तासांपर्यंत ठेवता येतो. त्याहून उशीर होणार असेल तर उणे ७० अंश किंवा त्याखाली ठेवावा लागतो. साध्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून, वितळवून, पुन्हा गोठवला तर बाह्य आवरण असलेले विषाणू फुटतात आणि जिवंत विषाणू वाढवून पाहण्याची शक्यता जवळजवळ संपते.

जाता जाता छायाचित्राबद्दलही लिहितो. खाली ओळ ‘नाक-घशाचा स्वॅब घेताना’ आणि काडी मात्र नाकपुडीच्या तोंडाशीच टेकवलेली. हा स्वॅब टाळूला समांतर, मागे अडेपर्यंत न्यायचा असतो आणि काही सेकंद तिथेच फिरवायचा असतो. आपला अंक नमुने घेणारी मंडळीही वाचतात. त्यांच्यासमोर चुकीचे चित्र ठेवू नका.

माझी मागणी एवढीच आहे. ज्या अहवालावरून आपण मथळा केलात, त्याचा नमुना घेतल्याची आणि प्रयोगशाळेत पोहोचल्याची तारीख-वेळ मिळवा आणि पहिल्याच पानावर छापा.

आपला,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ