बर्मिंगहॅमहून, लंगरच्या दुसऱ्या दिवशी

आई, बाबा, आजी,

फोनवर काही धड सांगून होत नाही, बाबा तर "बरंय ना सगळं" विचारून लगेच आईकडे फोन देतात, म्हणून लिहूनच काढते. इथे आमच्या युनिव्हर्सिटीत सिख सोसायटी आहे, म्हणजे स्टुडंट्सचाच ग्रुप. वैशाखी येते तेव्हा ईस्टरची सुट्टी असते, निम्मी पोरं घरी गेलेली, म्हणून यांनी सगळे कार्यक्रम मार्चमधेच उरकून घेतले.

काल हॉलमधे लंगर होता. टेबल-खुर्च्या बाहेर, खाली पांढऱ्या चादरी, दारात बूट काढायचे आणि डोक्याला बांधायला रुमालांची टोपली. दाल, आलू-गोभी, रोटी, खीर. गोऱ्या पोरांना मांडी घालता येईना, आणि पैसे कुठे द्यायचे हे तर जो तो विचारत होता, फुकट आहे म्हटलं तरी पटत नव्हतं. आमचे एक प्रोफेसर आणि रात्री बिल्डिंग झाडणारे काका एकाच पंगतीत, शेजारी शेजारी. स्वयंपाक आदल्या रात्री गुरुद्वारात केलेला, मी पण रोट्या लाटायला गेले होते. आई, माझ्या पोळ्या बघून तू जे बोलतेस ना, तेच तिथल्या एका आंटी पंजाबीत बोलल्या.

पगडीच्या स्टॉलवर भयंकर गर्दी. पाच-सहा मीटर कापड, दोघांनी दोन टोकं धरून ताणायचं आणि घडी घालायची, त्याला पूणी म्हणतात. माझ्या चायनीज रूममेटने केशरी पगडी बांधून घेतली आणि तशीच लायब्ररीत गेली. बाजूला जुनी माहिती लावलेली, इथून जवळच वुल्व्हरहॅम्प्टनला 1967 मधे एक शीख बस ड्रायव्हर पगडी-दाढीत ड्युटीवर आला तर त्याला परत पाठवलं, मग मोर्चे वगैरे, आणि 1969 ला कुठे ती बंदी उठली. मग 1976 ला कायदाच झाला की पगडी घालणाऱ्या शिखाला मोटरसायकलवर हेल्मेटची सक्ती नाही. मला भांगड्यापेक्षा हेच जास्त आवडलं, भांगडा काय कुठल्याही गॅदरिंगला असतो.

आणि मेन गोष्ट. कुठली तू विचारल्यावर इथे नांदेड सांगून कुणाला कळत नाही म्हणून मी मुंबईपासून सुरुवात करते, पण काल नांदेड म्हटलं आणि सगळे एकदम "हजूर साहिब?" शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे मुख्य धर्मपीठांपैकी एक, 1708 ला गुरू गोबिंदसिंगजींनी तिथेच देह ठेवला, आणि यातल्या बहुतेकांनी ते पाहिलेलं नाही. मग काय, मी व्हीआयपी! होळीची हल्लाबोल मिरवणूक, तलवारी, ते घोडे, सगळं मला विचारत होते, आपण तर त्या दिवशी ट्रॅफिकच्या नावाने ओरडत असतो.

आजी, हे तुझ्यासाठी. एका मुलीने दिलरुबा वाजवत नामदेवांचा शबद गायला. ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत. तिला ते पंजाबातल्या घुमानचे भगत नामदेव म्हणून माहीत, मी म्हटलं अगं ते आमचे, नरसी आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, आमची आजी रोज त्यांचे अभंग म्हणते. तर मलाच एक म्हणायला लावला. तुझ्यासारखा आवाज नाही पण म्हटला, सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि तबलेवाल्याने पण लगेच पकडलं.

आता ती आणि अजून दोघी डिसेंबरमधे हजूर साहिबला येतायत. अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेसने, त्या गाडीला वाटेत लंगर मिळतो हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. दोन दिवस आपल्याकडे राहतील. बाबा, त्यांना गाडीने नरसीला नेता येईल का ते कळवा. आणि आई, तिखट जरा हात आखडून घाल, पंजाबी असल्या तरी तिघी इथेच जन्मलेल्या आहेत.

तुमची,
बबडी