डबेवाल्यांवरची ती जुनी फिल्म दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला डबेवाल्यांवरचा लेख वाचला. लेख छान आहे, पण परदेशातून आलेल्या पाहुण्यांची यादी नेहमीप्रमाणे 2003 सालच्या प्रिन्स चार्ल्सपासूनच सुरू झाली. त्याच्याही बऱ्याच आधी, 1985 मध्ये, आपल्या डबेवाल्यांवर ब्रिटिश दूरचित्रवाणीसाठी 'डब्बावालाज' नावाचा माहितीपट झाला होता. दिग्दर्शक होते त्रिनिदादचे होरेस ओव्हे. हे नाव आपल्याकडे सिनेमावर भरभरून बोलणाऱ्यांच्याही तोंडी येत नाही. कॅरिबियन म्हटलं की आपली गाडी सोबर्स, लॉइड आणि रिचर्ड्सच्या पुढे सरकतच नाही!

पोर्ट ऑफ स्पेनमध्ये वाढलेले ओव्हे 1960 मध्ये लंडनला गेले ते चित्रकला शिकायला. मध्येच रोमला जाऊन 'क्लिओपात्रा' या हॉलीवूडपटाच्या गर्दीत एक्स्ट्रा म्हणून उभे राहिले, तिथे इटालियन वास्तववादी सिनेमा पाहिला आणि परत येऊन सिनेमाचं रीतसर शिक्षण घेतलं. लंडनमधल्या वेम्बलीच्या संगीत महोत्सवावरचा त्यांचा 'रेगे' हा माहितीपट (रेगे म्हणजे जमैकाचं संगीत) 1971 चा.

पण त्यांचं नाव राहील ते 'प्रेशर'मुळे. ब्रिटनमधल्या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा हा पहिला पूर्ण लांबीचा कथापट. पटकथा त्यांनी कादंबरीकार सॅम्युअल सेल्वन यांच्यासोबत लिहिली. सेल्वनही त्रिनिदादचेच, आणि भारतीय वंशाचे. सिनेमाची सुरुवात न्याहारीपासून होते. लंडनमध्ये जन्मलेल्या धाकट्या टोनीसाठी आई बेकन-अंडी तळते आहे, आणि त्रिनिदादमध्ये जन्मलेला थोरला भाऊ अवोकाडो खात त्याची टर उडवतो आहे. एका टेबलावर घरातली सगळी ओढाताण मांडून होते, भाषणबाजी न करता. पुढे चांगले मार्क मिळवलेला टोनी नोकरीसाठी वणवण फिरतो आणि शेवटी भावाच्या चळवळीच्या सभेत पोचतो, तर तिथे पोलिसांची धाड. हे प्रसंग इतके झोंबले, की ज्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने पैसे दिले होते तिनेच सिनेमा बराच काळ कपाटात ठेवला. सेन्सॉरच्या नावाने बोटं मोडणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

1986 चा 'प्लेइंग अवे' तर क्रिकेटवेड्या महाराष्ट्रात कधीच पोचायला हवा होता. लंडनच्या ब्रिक्स्टन भागातला वेस्ट इंडियन लोकांचा संघ इंग्लंडच्या एका खेड्यात मदतनिधीसाठी सामना खेळायला जातो, आणि यजमानांच्या सौजन्याचे पापुद्रे षटकागणिक सुटत जातात. तो पाहताना हसूही येतं आणि अवघडल्यासारखंही होतं.

ज्या वर्षी डबेवाल्यांवरची फिल्म झाली, त्याच वर्षी ओव्हे यांनी भोपाळच्या वायुपीडितांवरही 'हू शॅल वी टेल?' हा माहितीपट केला. म्हणजे आपल्या देशाशी त्यांचा संबंध एका मजेशीर विषयापुरता नव्हता. 2022 मध्ये त्यांना 'सर' किताब मिळाला. सप्टेंबर 2023 मध्ये ते गेले आणि पुढच्याच महिन्यात नव्याने दुरुस्त केलेला 'प्रेशर' लंडन आणि न्यूयॉर्कच्या महोत्सवांत झळकला. आपल्याकडे मात्र सामसूम.

मुंबई-पुण्याच्या चित्रपट महोत्सवांत दरवर्षी 'सिंहावलोकन' विभाग असतो. त्यात फ्रेंच आणि इटालियन दिग्दर्शकांची वर्णी लागतेच. एखाद्या वर्षी ओव्हे यांची लागू द्या. आणि 'डब्बावालाज'ची प्रत लंडनहून मिळवण्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने पत्रव्यवहार करावा. मावळ, खेड, जुन्नरच्या किती घरांतले आजोबा-पणजोबा त्या पडद्यावर दिसतील! ती फिल्म पाहण्याचा पहिला हक्क त्यांच्या नातवंडांचा आहे. आयोजकांना एवढंच सुचवतो, की तो खेळ संध्याकाळी सातनंतर ठेवा. त्याआधी रिकामे डबे घरोघर पोचवायचे असतात.

आपला,
एक वाचक, पुणे