फियाट खोलायला दिली होती, भंगारात काढायला नव्हे

प्रति,
व्यवस्थापक,
जुन्या गाड्यांचा रिस्टोरेशन विभाग,
रबाळे एमआयडीसी, नवी मुंबई

विषय: फियाट ११०० डी (१९६७) खोलण्याच्या कामातील गंभीर चुका, त्यामुळे झालेलं नुकसान आणि पुढचं काम तात्काळ थांबवण्याबाबत

महोदय,

आमची फियाट ११०० डी, म्हणजे आपल्याकडे सगळे जिला डिलाइट म्हणतात ती, आपल्या वर्कशॉपमध्ये रिस्टोरेशनसाठी दिलेली आहे. गाडी पूर्ण खोलणं, प्रत्येक भागाची नोंद ठेवणं आणि कुजलेला पत्रा कापून काढणं हा पहिला टप्पा संपल्याचं आपण कळवलंत आणि दुसरा हप्ता मागितलात. गाडी प्रत्यक्ष तपासल्यावर तो हप्ता आम्ही रोखून धरला आहे. कारणं अशी.

सगळ्यात गंभीर गोष्ट आधी. या गाडीला ट्रक-जीपसारखी वेगळी चासी नाही. फ्लोअर, दोन्ही बाजूंच्या सिल, खांब आणि छत मिळूनच तिचा सांगाडा होतो, आणि त्यात वाकण्याचा मोठा ताण दारांखालच्या सिलवर येतो. आपल्या माणसांनी दारं आधी उतरवली आणि मग दोन्ही बाजूंच्या आतल्या-बाहेरच्या सिल एकाच वेळी ग्राइंडरने कापल्या. इंजिन तेव्हा जागेवरच होतं. टेकू देणाऱ्या घोड्या होत्या फक्त पुढच्या क्रॉसमेंबरखाली, म्हणजे आडव्या तुळईखाली, आणि मागच्या ॲक्सलखाली. मधे आधार नाही, चौकटींना ब्रेसिंग, म्हणजे आकार धरून ठेवणारे तात्पुरते पाइप, नाहीत. मधला भाग बसला, आणि तो बसणारच होता.

गाडी ताब्यात देताना ड्रायव्हरच्या बाजूच्या मागच्या दाराची फट वरपासून खालपर्यंत ४ ते ५ मिमी होती. त्या तपासणीच्या कागदावर आपल्या सुपरवायझरची सही आहे. आता तेच दार बिजागऱ्यांवर टांगून पाहिलं, तर काचेखालच्या रेषेपाशी फट २ मिमीपेक्षा कमी आणि तळाला ९ मिमी. दोन्ही टोकांना टेकवलेली बॉडी मधे बसली की खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकतात, त्याची ही खूण. पुढच्या दाराच्या चौकटीचा कर्ण डाव्या आणि उजव्या बाजूला मोजला, त्यात ७ मिमीचा फरक आहे. म्हणजे बॉडी नुसती बसलेली नाही, थोडी पिळलेलीही आहे. आपल्या डेंटरने यावर सांगितलं की “बिजागरी ॲडजस्ट करून दार बसवून देतो.” दार बसेलही. पण चौकटच तिरकी असेल तर पुढची काच बीडिंगमध्ये ताणाखाली बसते आणि एखाद्या खड्ड्यात तडकते, शिवाय मागचा ॲक्सल पुढच्या चाकांच्या रेषेत राहत नाही. ते बिजागरीने सुटत नाही.

हे काम कसं होतं हे आपल्यासारख्या व्यावसायिकांना सांगावं लागणं विचित्र आहे, पण वाद नको म्हणून लिहून ठेवतो. इंजिन-गिअरबॉक्स आधी काढून वजन उतरवायचं. बॉडी सपाट जमिनीवर निदान सहा ठिकाणी टेकवायची: पुढचा क्रॉसमेंबर, फ्लोअरखालची मजबूत जागा, मागच्या पाट्यांचे हँगर, प्रत्येक दोन्ही बाजूंना. दारं लावलेली असतानाच फटी जुळवायच्या. मग आतून २५ मिमीचा चौकोनी पाइप, २ मिमी जाडीचा, प्रत्येक चौकटीत एक आडवा व एक तिरका, आणि एका बाजूच्या मधल्या खांबापासून दुसऱ्या बाजूच्या मधल्या खांबापर्यंत एक, असा वेल्डच्या छोट्या टाक्यांनी धरायचा. त्यानंतर एकाच बाजूची सिल कापायची, नवी टाक्यांवर बसवायची, दार लावून बघायचं, पूर्ण वेल्ड मारायचं आणि मगच दुसऱ्या बाजूला हात लावायचा. पाइपाला फार खर्च येत नाही. ब्रेसिंग वाचवून नक्की काय वाचलं ते आम्हाला कळलेलं नाही.

म्हणूनच पहिली सूचना: नव्या सिल वेल्ड करू नका. आहे त्या स्थितीत वेल्ड मारलं तर हा वाकलेपणा कायमचा पक्का होईल.

दुसरा मुद्दा कापलेल्या पत्र्याचा. कापून काढलेल्या सिल, फ्लोअरचे चार तुकडे आणि डिकीचा तळ कुठे आहे असं विचारल्यावर उत्तर मिळालं, “तो गंजलेला माल होता, भंगारवाल्याला दिला.” गंजलेला होता म्हणूनच तर कापला. पण तो नमुना असतो. या मॉडेलच्या सिल आणि फ्लोअर तयार मिळत नाहीत. १.२ मिमी म्हणजे १८ गेज सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्यातून बेंडिंग मशीनवर वाकवून घ्याव्या लागतात, आणि कुठली घडी किती अंशांची, पाणी निघायची भोकं कुठे, जॅक लावायची जागा कुठे दाबलेली, हे सगळं त्या कुजक्या तुकड्यावरूनच उचलतात. अर्धा खाल्लेला तुकडा असला तरी दुसऱ्या बाजूचा उलटा धरून पॅटर्न निघतो. दोन्ही बाजू एकदम भंगारात गेल्या तर उरतो फक्त अंदाज. पूर्वी याच गाडीचं पुढचं रूप असलेल्या पद्मिनी टॅक्सी तुटायला येत, त्यांच्यावरून मापं घेता यायची. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून कायमची हटली, कुर्ल्यात सीएसटी रोडच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात आता बॉडीचा माल शोधावाच लागतो.

ब्रेकच्या लोखंडी नळ्यांचीही हीच गत. नट जाम होते, नळ्या कापाव्या लागल्या, इथवर आमची तक्रार नाही. नट गोल होण्यापेक्षा नळी कापून नटावर बॉक्स पाना चढवणं बरोबरच. पण जुनी नळी लांबी आणि वळणांसाठी ठेवायची असते. ती नाही.

आता नट-बोल्ट. कराराच्या अंदाजपत्रकात “पार्ट्स काढणे, पिशवीबंद करणे, लेबल लावणे व फोटो-नोंद” यासाठी ४८,००० रुपये वेगळे लावलेले आहेत. आम्हाला दाखवण्यात आली ती रंगाची एक वीस लिटरची बादली. तिच्यात तळाला चार बोटं पाणी, त्यावर तेलाचा तवंग, आणि दाराच्या बिजागऱ्यांचे स्क्रू, ब्रेक शूच्या स्प्रिंगा, वायपरच्या कड्या, मडगार्डचे वॉशर आणि कनेक्टिंग रॉडच्या दोन कॅप एकमेकांत अडकून पडलेल्या. उरलेल्या दोन कॅप दुसऱ्या खोक्यात सापडल्या. कॅप आणि रॉड एकत्र मशीन केलेले असतात, एकाची कॅप दुसऱ्याला चालत नाही. उलटी बसली तरी बेअरिंग जातं. या इंजिनाच्या तीन मेन बेअरिंगच्या कॅपचंही तेच. व्हॉल्व्ह हलवणारे पुशरॉड आणि टॅपेट क्रमाने ठेवायला आठ भोकांची एक लाकडी पट्टी पुरते. त्याही सुट्या पडल्या आहेत.

बोल्ट हरवले तर “नवे टाकू” हे उत्तर इथे चालत नाही. फियाटमध्ये १० मिमीचे बोल्ट बऱ्याच ठिकाणी १.२५ पिचचे, म्हणजे आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी असलेले, आहेत. दुकानात सहज हातात येतो तो १.५ पिचचा. दोन-तीन आटे हाताने जातो, पुढे पाना लावला की आतले आटे खातो. आपल्या माणसांनी डाव्या बाजूच्या क्रॉसमेंबरला एक बोल्ट असाच घुसवलेला आम्ही पाहिला. तो साधा माइल्ड स्टीलचा आहे, डोक्यावर जास्त ताकदीच्या बोल्टचा ८.८ चा शिक्का नाही, आणि जागा सस्पेंशनची. पुढच्या सस्पेंशनमधल्या शिमा, म्हणजे चाकांचा कोन जुळवणाऱ्या पातळ चकत्या, कुठल्या बाजूच्या किती होत्या, याचीही नोंद नाही.

इंजिनच्या हेडबद्दल, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाबद्दल, वेगळं लिहावं लागतं. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, आणि स्टड पोलादी. इतकी वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत पाणी आणि दोन धातूंमुळे स्टडभोवती पांढरी भुकटी धरते, आणि हेड वर येत नाही. यावरचा इलाज संयमाचा आहे: नट बाहेरून आत, टप्प्याटप्प्याने सैल करायचे, प्रत्येक स्टडभोवती गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवायचं, सकाळी लाकडी हातोड्याने चहूबाजूंनी टकटक, पुन्हा तेल. तरीही नाही आलं तर दोन नट एकमेकांवर आवळून स्टडच बाहेर काढायचे. आपल्याकडे छिन्नी वापरली. हेड आणि ब्लॉकच्या मधे घातलेल्या छिन्नीची खाच तिसऱ्या सिलिंडरपाशी, थेट पाण्याच्या वाटेच्या कडेवर आहे, आणि गॅस्केट तिथे बसणार नाही. आर्गन वेल्डिंगने भरून मग पृष्ठभाग घासून घ्यावा लागेल, आणि जितकं घासाल तितकं कॉम्प्रेशन वाढणार. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे दोन स्टडही तुटलेले आहेत, पण ते कोणाच्याही हातून तुटतात, त्याचं आम्ही धरत नाही.

बॉनेट आणि छत सँड ब्लास्टिंगला पाठवण्याआधी आम्हाला विचारायला हवं होतं. जाड क्रॉसमेंबरवर ब्लास्टिंग ठीक, पण मोठ्या सपाट पातळ पत्र्यावर जाड वाळू जोरात मारली की पत्र्याची वरची बाजू ताणली जाते आणि तो फुगतो. बॉनेटच्या मधोमध आता अंगठ्याने दाबलं की “टॉक” करून आत जातं आणि सोडलं की बाहेर येतं. त्यावर पुट्टी भरून सपाटी आणता येईल, पण हलणाऱ्या पत्र्यावरची पुट्टी उन्हात तडकते. अशा पॅनलला पेंट रिमूव्हर आणि घासकाम एवढंच लागतं. शिवाय ब्लास्ट झालेली बॉडी पावसाळ्यात खाडीच्या हवेत ताडपत्रीखाली उघडी ठेवली होती. त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर न मारल्याने तिच्यावर नारिंगी गंज पुन्हा धरला, आणि आता त्याच गंजावर रेड ऑक्साइड मारलेला दिसतो.

वायरिंग फायरवॉलपाशी कटरने छाटलेलं आहे. डॅशबोर्डवरचे मीटर मात्र नीट कागदात गुंडाळून, नंबर टाकून ठेवलेले मिळाले. ज्याने ते केलं त्यालाच बाकीचं काम द्यायला हवं होतं.

शेवटचा मुद्दा आम्हाला सर्वात जास्त काळजीचा वाटतो. बॉनेटखालच्या पत्र्यावर ठोकलेला चासी नंबर ब्लास्टिंगपूर्वी टेप किंवा रबराने झाकला नव्हता. त्यातले शेवटचे दोन आकडे आता बोटाला लागतात, डोळ्यांना नीट वाचता येत नाहीत. नंबर पुन्हा ठोकायचा तर आरटीओची परवानगी लागते. गाडी पन्नास वर्षांच्या वर गेलेली असल्याने २०२१ च्या नियमांखाली आम्ही तिची व्हिंटेज नोंदणी, म्हणजे व्हीए मालिकेचा नंबर, घेणार आहोत. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे, ती आम्ही भरू. पण त्या व्याख्येतच गाडीच्या चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल झालेले नसावेत अशी अट आहे. पुसट नंबर आणि भंगारात गेलेला मूळ पत्रा घेऊन तपासणीला उभं राहायचं कसं, हे आपणच सांगावं. ब्लास्टिंगपूर्वी आपण काढलेली चासी प्रिंट (नंबरचा कागदावर घेतलेला ठसा), असल्यास, ताबडतोब आमच्या हवाली करावी.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. बॉडीवरचं सर्व काम आजपासून थांबवावं. गाडी मापाच्या बेंचवर घेऊन, आमच्या समोर, कर्ण आणि फटी मोजून लेखी अहवाल द्यावा, आणि बॉडी सरळ करण्याचा खर्च आपण सोसावा. भंगारवाल्याकडे माल अजून असेल तर परत आणावा. नसेल तर दुसऱ्या डिलाइट किंवा पद्मिनीवरून पॅटर्न काढण्याचा खर्च आपला. बादलीतला प्रत्येक भाग धुऊन, ओळखून, लेबल लावून यादीसह मिळावा, आणि जो हरवला तो त्याच पिचचा, त्याच ताकदीचा आणून द्यावा. हेडचं वेल्डिंग आणि मशीनिंग आम्ही निवडलेल्या मशीन शॉपमध्ये, आपल्या खर्चाने. नोंदीच्या नावाखाली घेतलेले ४८,००० रुपये पूर्ण परत मिळावेत, कारण ते काम झालंच नाही.

या पत्राला पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे सेवेतील त्रुटीबद्दल तक्रार दाखल करू. तपासणीसाठी येण्याची वेळ आदल्या दिवशी कळवावी. तोवर बादली रिकामी करू नये आणि कुणीही काही फेकू नये.

आपले,
गाडीमालक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)

सोबत: गाडी देतानाची सही केलेली तपासणी यादी, अंदाजपत्रकाची प्रत, फटी व कर्णांच्या मापांचा तक्ता, हेड, बॉनेट आणि चासी नंबरचे फोटो